वायूचं गणित: शून्य कुठून मोजायचं

निपाणी,
रविवार

चि. ताईस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीच्या पानांचे दोन्ही फोटो मिळाले. फोनवर सांगून हे डोक्यात बसणार नाही. आकडे कानाने कळत नाहीत, कागदावर समोर लागतात, म्हणून सावकाश लिहिते. रसायनाची वही उघडून शेजारी ठेव आणि पेन्सिल हातात घेऊनच वाच.

आधी तुझं तिसरं गणित. ४ लिटर वायू, तापमान २७ अंश सेल्सिअस, दाब १.५ बार. तापवून १२७ अंश केला आणि दाब २.५ बार झाला, तर आकारमान किती? तू सूत्र अगदी बरोबर घेतलंस: पी१ × व्ही१ ÷ टी१ = पी२ × व्ही२ ÷ टी२ (पी म्हणजे दाब, व्ही आकारमान, टी तापमान). उत्तर आलं ११.३ लिटर. पुस्तकाच्या मागे आहे ३.२. समासात तीनदा भागाकार केलेला दिसतो आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आहे. म्हणजे आकडेमोड चुकलेलीच नाही. चूक सूत्रात आकडे घालण्याच्या आधी झाली आहे, आणि ती तुला सूत्राला हात न लावतासुद्धा पकडता आली असती.

कशी, ते बघ. दाब १.५ वरून २.५ वर गेला. दाब वाढला की वायू आक्रसतो. किती? १.५ भागिले २.५, म्हणजे ०.६ पट. नुसता दाबच बदलला असता तर ४ लिटरचे २.४ लिटर झाले असते. दुसरीकडे तापमान वाढलंय, त्यामुळे तो फुगायला बघतोय. एक ओढ आत, एक बाहेर. आता प्रश्न एवढाच उरतो की फुगायची ओढ केवढी. तू धरलीस १२७ भागिले २७, म्हणजे ४.७ पट. इथे थांबायला हवं होतंस. डिसेंबरात तुमच्या बेळगावात पहाटे १२ अंश असतात आणि दुपारी ३०. तुझ्या हिशेबाने सकाळी बांधलेला फुगा दुपारपर्यंत अडीचपट व्हायला हवा. होतो का? डोळ्यांना फरकसुद्धा कळत नाही. खरी वाढ आहे जेमतेम ६ टक्के.

सेल्सिअसचं शून्य म्हणजे उष्णतेचं शून्य नव्हे. पाणी गोठतं ती खूण माणसांनी सोयीसाठी शून्य ठरवली, एवढंच. ‘पट’ काढायची असेल तर मोजणी खऱ्या शून्यापासून लागते. तुझं वय १६, धाकट्याचं ८, म्हणजे तू त्याच्या दुप्पट. पण कुणी वय शाळेत नाव घातल्यापासून मोजायला लागला, सहाव्या वर्षापासून, तर तू १० आणि तो २, म्हणजे पाचपट! तुम्ही दोघं तीच, शून्य सरकलं म्हणून पट बदलली. फरक मात्र दोन्हीकडे ८ वर्षांचाच राहिला. हे नीट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे: शून्य सरकलं तर पट बिघडते, फरक बिघडत नाही.

वायूंचं खरं शून्य उणे २७३.१५ अंशांवर आहे. म्हणून सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून केल्विन करायचं. २७ चे ३०० झाले, १२७ चे ४००. फुगायची ओढ ४०० भागिले ३००, म्हणजे १.३३ पट. २.४ गुणिले १.३३ बरोबर ३.२ लिटर. सुटलं. (गणितांत २७ अंश इतक्या वेळा का येतं तेही आता कळलं असेल. ३०० होतात आणि भाग सरळ जातो म्हणून. २७, १२७, ३२७ हे आकडे दिसले की पेपर काढणाऱ्याने केल्विनची आठवण करून दिली असं समज.)

हे शून्य सापडलं कसं, ते कळलं की २७३ घोकावं लागत नाही. जाक शार्लने १७८७ च्या सुमारास वायू तापवून पाहिले, पण छापलं काहीच नाही. १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने आपले प्रयोग छापले आणि शार्लच्या कामाचा उल्लेख केला, म्हणून नियमाला शार्लचं नाव राहिलं. दाब तोच ठेवला तर शून्य अंशाला जेवढं आकारमान असतं त्याच्या सुमारे २७३ व्या भागाने ते दर अंशाला वाढतं, आणि उतरताना तेवढ्यानेच घटतं. मग २७३ अंश खाली गेल्यावर काय उरणार? आलेखावरची रेघ (आडवं तापमान, उभं आकारमान) तिथे शून्याला टेकते. प्रत्यक्षात कुठलाच वायू तिथवर वायू राहत नाही, आधीच द्रव किंवा घन होतो. पण रेघ पुढे ओढली तर टेकते तिथेच, मग वायू कुठलाही घे. त्या जागेपासून मोजणारी मापनश्रेणी केल्विन यांनी १८४८ मध्ये सुचवली.

हा आलेख तू हॉस्टेलवर स्वतः काढू शकतेस, आणि काढच. औषधाच्या दुकानातून १० मिलिलिटरची सिरिंज आण, सुई नको. दट्ट्या मागेपुढे करून मोकळा कर. थोडी जागा फुगायला हवी, म्हणून ८ मिलिलिटरवर आण आणि टोकाचं भोक एम-सीलने बंद करून रात्रभर वाळू दे. सकाळी खोलीचं तापमान बघून आकडा लिही, समजा २५ अंशांना ८.० मिली. मग ६० अंशांच्या पाण्यात हवा असलेला सगळा भाग बुडेल अशी ५ मिनिटं धर. ८ गुणिले ३३३ भागिले २९८, म्हणजे ८.९ यायला हवेत. बर्फाच्या पाण्यात ७.३. हे दोन बिंदू जोडून रेघ मागे नेलीस की उणे २७३ च्या आसपास आडव्या अक्षाला लागेल.

‘आसपास’ म्हणजे किती, तेही सांगते, नाहीतर उणे २४० आलं की प्रयोग फसला म्हणून सोडून देशील. सिरिंजवरच्या रेघा बहुधा ०.२ मिलीच्या असतात. दोन वाचनांतला फरकच मुळात १.६ मिली आहे. त्यात ०.२ इकडेतिकडे झालं तर शून्य ३० अंशांनी सरकतं. त्यावर रबरी दट्ट्या चिकटतो ते वेगळं. त्याला उपाय असा: दट्ट्या किंचित ओढून सोड, आकडा घे, किंचित दाबून सोड, आकडा घे, दोघांची सरासरी धर. सगळ्यात मोठी गडबड पाण्याच्या थेंबाची. सिरिंज धुतली आणि आत थेंब राहिला, तर ६० अंशांना त्या पाण्याची वाफ १४९ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब आपल्या पदरचा घालते आणि ८.९ ऐवजी ११ च्या जवळपास आकडा जाऊन दट्ट्या बाहेर यायला बघतो. नियम खोटा ठरला असं वाटेल. नियम ठीक असतो, आत वायूच वाढलेला असतो. सिरिंज कोरडीच घे.

आता दाबाचं शून्य. तापमानाचं शून्य वर्गात सांगतात, दाबाचं बहुधा राहून जातं, आणि तुझं पाचवं गणित तिथेच अडलंय. तीच सिरिंज उभी धर, दट्ट्यावर १ किलोचं वजन ठेव. आतला व्यास १५ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटिमीटर, आणि १ किलोने दाब पडतो ५५ किलोपास्कल. वजन २ किलो केलं तर ११० किलोपास्कल, म्हणजे दुप्पट. मग आकारमान निम्मं व्हायला हवं ना? होत नाही. आणि वजन ठेवण्याआधी दाब किती होता? शून्य म्हणशील तर बॉइलचं सूत्र (तापमान तेच, तर दाब × आकारमान तेवढंच) तिथेच कोसळतं. शून्य दाबाला आकारमान अनंत व्हायला हवं, पण दट्ट्या तर निवांत ८ मिलीवर उभा आहे.

त्याला वरून हवा दाबतेच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब ९३ किलोपास्कलच्या जवळपास असतो. कारवारला, समुद्राकाठी, १०१. तर तुझ्या सिरिंजचा हिशेब असा: आधी ९३, १ किलो ठेवल्यावर १४८, २ किलो ठेवल्यावर २०३. ८ मिलीचे आधी ५ होतात, मग ३.७. घर्षणामुळे प्रत्यक्षात दट्ट्या थोडा वरच अडेल, पण आकडे याच घरात येतील. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये नियम छापला तेव्हा वाकवलेल्या काचेच्या नळीत पारा ओतून हेच केलं होतं, आणि पाऱ्याच्या उंचीत बाहेरच्या हवेची उंची मिळवूनच त्याचं गणित जुळलं.

टायरचं गणितही असंच. पंक्चरवाल्याच्या गेजवर ३२ दिसतं ते हवेच्या दाबावरचं ३२. गेजचं शून्य म्हणजे टायर बसला, आतली हवा संपली नव्हे. पाचव्या गणितात ‘गेज प्रेशर’ असं स्वच्छ लिहिलंय, त्या एका शब्दावर सगळं उभं आहे. सकाळी २२ अंशांना गेज ३२ पीएसआय. हायवेवर धावून टायर ६० अंशांवर गेला, आकारमान तेवढंच धरायचं. गणितात हवेचा दाब १४.७ दिलाय. तर ३२ + १४.७ = ४६.७. केल्विन २९५ वरून ३३३. ४६.७ × ३३३ ÷ २९५ = ५२.७. आता शेवटी १४.७ परत वजा कर, कारण उत्तरही गेजचंच मागितलंय. ३८ पीएसआय. वजा करायला विसरलीस म्हणून तुझं ५२.७ आलं होतं. तुझ्या मैत्रिणीने सुरुवातीला मिळवलंच नसेल तर तिचं ३६ आलं असेल. आणि सेल्सिअसमध्ये केलं तर ८७ येतं, तो टायर फुटलाच समज.

दाबाचं शून्य नेहमीच एवढं नडतं असंही नाही. दवाखान्यात किंवा वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचं उंच सिलिंडर असतं, त्यात ४६.७ लिटर पाणी मावतं आणि वायू १५० बारला भरतात. ४६.७ × १५० = ७००५ लिटर, म्हणून त्याला ७ घनमीटरचं सिलिंडर म्हणतात. इथे १५० ऐवजी १५१ घेतलं तरी काय बिघडणार? काटा ५० वर आला की तिसरा हिस्सा उरला, आणि मिनिटाला १० लिटर चालू असेल तर पावणेचार तास पुरेल. पण काटा शून्यावर आला तरी आत ४६.७ लिटर वायू बाहेरच्याच दाबाला बसलेला असतो, तो आपणहून बाहेर येत नाही. दाब मोठा तर चूक लहान, दाब लहान तर चूक मोठी.

आता भाषेचं. दहावीपर्यंत तू मराठीत शिकलीस, दाब, आकारमान, निरपेक्ष तापमान. पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, आल्यावर सगळं एकदम इंग्रजी. शेजारी बसणारी कन्नड माध्यमातली मुलगी वायूला ‘अनिल’ म्हणत आली, दाबाला ‘ओत्तड’, आकारमानाला ‘गात्र’; तिचीही तीच ओढाताण चालू असणार. दोघी मिळून एक यादी करा, कारण ही गणितं विज्ञानात अडत नाहीत, वाक्यात अडतात. ‘रिजिड’ किंवा ‘सील्ड स्टील व्हेसल’ आलं की आकारमान बदलत नाही. ‘मूव्हेबल पिस्टन’ किंवा ‘फ्री टू एक्सपांड’ म्हणजे दाब बाहेरच्या एवढाच राहतो. ‘आयसोथर्मल’ किंवा ‘स्लोली कम्प्रेस्ड’ म्हणजे तापमान तेच. ‘ओपन फ्लास्क’ म्हणजे दाब तोच, भांडंही तेच, आणि वायू बाहेर निघून जातोय. ‘इव्हॅक्युएटेड’ म्हणजे आधी आत काहीच नव्हतं, तिथला सुरुवातीचा दाब खराच शून्य.

आणि ‘बाय’ नि ‘टू’. ‘इनक्रीज्ड टू फिफ्टी’ म्हणजे ५० अंशांपर्यंत. ‘इनक्रीज्ड बाय फिफ्टी’ म्हणजे ५० अंशांनी. मराठीत ‘पर्यंत’ आणि ‘ने’ इतके वेगळे शब्द आहेत की गफलत होतच नाही. इंग्रजीत दोन अक्षरांचा शब्द नजरेतून सुटतो. सहाव्या गणितात तू तिथेच घसरलीस. २७ अंशांवरून ५० अंशांनी वाढ म्हणजे ७७ अंश, ३५० केल्विन. तू ५० मध्ये २७३ मिळवून ३२३ घेतलंस. वयाचं उदाहरण आठव: फरक फरकच राहतो, त्यात २७३ कधी मिळवायचे नाहीत. ५० अंशांची वाढ म्हणजे ५० केल्विनचीच वाढ.

म्हणून सूत्र लिहिण्याआधी वहीत चार उभे रकाने आखत जा: पी, व्ही, एन (वायू किती आहे ते, मोलमध्ये), टी. पहिल्या ओळीत आधीची स्थिती, दुसरीत नंतरची. जे दिलंय ते भर, जे बदलत नाही तिथे दोन्ही ओळींत बरोबरची खूण कर, जे काढायचं तिथे प्रश्नचिन्ह. टीच्या रकान्यात फक्त केल्विन, पीच्या रकान्यात फक्त पूर्ण दाब, गेजचा नव्हे. बॉइल, शार्ल, गे-ल्युसॅक ही नावं मग घोळत बसावी लागत नाहीत. बरोबरच्या खुणेचे रकाने सूत्रातून गळतात आणि उरतं तेच तुझं सूत्र.

एनचा रकाना मुली विसरतात. उघड्या फ्लास्कचं आठवं गणित बघ: २७ अंशांना हवा भरलेला फ्लास्क १२७ पर्यंत तापवला, किती हवा बाहेर गेली? पी तोच, व्ही तोच, म्हणून एन गुणिले टी तेवढाच राहतो. आत उरली ३०० भागिले ४००, म्हणजे तीन चतुर्थांश. प्रश्न मात्र बाहेर गेलेल्या हवेचा आहे: एक चतुर्थांश. घाईत ‘उरलेली’ लिहून मुलं मोकळी होतात.

पीव्ही = एनआरटी वापरताना ‘आर’ कुठला घ्यायचा म्हणून तू विचारलंस. आर, म्हणजे वायूंचा स्थिरांक, एकच आहे, फक्त कुठल्या एककांत लिहायचा एवढाच प्रश्न. दाब बारमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर ०.०८३१. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये, लिटर तेच, तर ०.०८२१. पास्कल आणि घनमीटर असतील तर ८.३१४. किलोपास्कल आणि लिटरलाही ८.३१४ च चालतो, कारण हजाराने गुणणं आणि हजाराने भागणं एकमेकांना खाऊन टाकतं. एककं आकड्याशेजारी लिहून खोडत गेलीस की आर चुकीचा घेतला तर तिथल्या तिथे कळतं. चौथ्या गणितात मात्र आर बरोबर होता, एन चुकला. १४ ग्रॅम नायट्रोजन, १० लिटर, २७ अंश. तू एक मोल धरलास, कारण आवर्तसारणीत नायट्रोजनसमोर १४ दिसतात. पण वायूत तो जोडीने असतो, एन-टू, म्हणून एक मोल २८ ग्रॅमचा. म्हणजे अर्धा मोल. दाब ०.५ × ०.०८३१ × ३०० ÷ १० = १.२५ बार. उत्तर नेमकं दुप्पट किंवा निम्मं आलं की आधी हीच शंका घ्यायची. हायड्रोजन, ऑक्सिजन, क्लोरिन यांनाही हेच. हेलियम, आर्गॉन तेवढे एकटे राहतात.

एसटीपीच्या (प्रमाण तापमान-दाबाच्या) मोलर आकारमानाला, म्हणजे एका मोलच्या लिटरांना, एका पुस्तकात २२.४ आणि दुसऱ्यात २२.७ असतं, त्यात छापायची चूक नाही. पूर्वी एसटीपी म्हणजे शून्य अंश आणि १ ॲटमॉस्फिअर होतं. १९८२ पासून आयुपॅकने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने) ते १ बार केलं. दाब जरा कमी, म्हणून आकारमान जरा जास्त. गणितात दाब दिलेला असेल तो घे. काहीच नसेल तर तुमच्या पुस्तकातली व्याख्या धर आणि ती उत्तरात एका ओळीत लिहून टाक.

पाण्यावर गोळा केलेल्या वायूचं गणित सिरिंजमधल्या थेंबाचंच आहे. २७ अंशांना २५० मिली ऑक्सिजन, दाब ७४० मिलिमीटर. त्या ७४० मध्ये २६.७ पाण्याच्या वाफेचे आहेत, ते वजा करून ७१३.३ घ्यायचे. मग ० अंश आणि ७६० मिलिमीटरला कोरडा वायू २५० × ७१३.३ ÷ ७६० × २७३ ÷ ३०० = २१३.५ मिली. वजा न करता २२१.५ येतात. दोन्ही उत्तरं ‘शक्य’ वाटतात, त्यामुळे अंदाजाने ही चूक पकडता येत नाही. ‘ओव्हर वॉटर’ हे शब्दच शोधावे लागतात. तुमच्या लॅबमधल्या वायुभारमापकातला पारा बघशील तर ७४० नव्हे, ६९५ च्या आसपास दिसेल, बेळगावच्या उंचीमुळे.

उंचीवरून आठवलं: तुझी खोलीतली मैत्रीण कारवारहून वेफर्सचं पाकीट आणते ते बेळगावात पोचेपर्यंत टम्म का होतं, हे तू तिला आता सांगू शकतेस. बाहेरचा दाब १०१ वरून ९३ झाला, म्हणून आतली हवा ८-९ टक्के फुगायला बघते.

नियम कुठे लावायचा नाही, हेही ठाऊक हवं. घरचं १४.२ किलोचं सिलिंडर बघ. त्यात ३३.३ लिटर पाणी मावतं. सगळा बुटेन धरला आणि तो वायूच आहे असं मानलं, तर २४५ मोल होतात आणि पीव्ही = एनआरटीने दाब येतो १८० बारच्या वर! प्रत्यक्षात तो काही बारच असतो, कारण आत गॅस द्रव होऊन बसलाय. जेवढा जळतो तेवढा द्रवातून पुन्हा होतो, म्हणून शेवटचा द्रव संपेपर्यंत दाब जवळजवळ तोच राहतो. ऑक्सिजनसारखा काटा लावून किती उरलं ते कळत नाही, वजनच करावं लागतं. रिकाम्याचं वजन सिलिंडरवर लिहिलेलं असतं.

कुकरचंही तेच. १०० वरून १२० अंशांवर जाताना कोरड्या हवेचा दाब ५ टक्केच वाढेल. कुकरमध्ये वाफेचा दाब १ बारवरून २ बारवर जातो, कारण पाण्याची वाफ होऊन एन वाढत राहतो.

बेळगावच्या उद्यमबागेत एवढ्या फौंड्र्या (लोखंड ओतायचे कारखाने) आहेत, तिथल्या कामात हे गणित रोज घडतं. साच्याच्या वाळूत १ ग्रॅम ओल जास्त राहिली आणि १४०० अंशांचा रस आत गेला, तर त्या एका ग्रॅमची साडेसात लिटर वाफ होते: १ भागिले १८ मोल, १६७३ केल्विन, करून बघ. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती लोखंडातच अडकते आणि कास्टिंगला पोकळ्या पडतात, ब्लो होल म्हणतात त्या. म्हणूनच साच्याला तारेने बारीक भोकं पाडतात आणि वाळूची ओल मोजून ठेवतात. तुमच्या सरांनी कधी फौंड्री बघायला नेलं तर भट्टीपेक्षा त्या भोकांकडे जास्त बघ.

आता उरलेली दोन गणितं तू कर. सातव्यात सूत्र नको, आधी समासात नुसतं लिही: वाढणार की घटणार, आणि साधारण किती पट. मगच सोडव. नवव्यात टाकीऐवजी विहीर घे, बेळगावातली, १० मीटर खोल पाणी. तळातून निघालेला बुडबुडा वर येईपर्यंत किती पट होईल? पाण्याच्या दर मीटरला ९.८ किलोपास्कल धर, तापमान तेच. उत्तर दोनपटीच्या जरा वर यायला हवं. नाही आलं तर दाबाचं शून्य कुठून मोजलंस ते आधी बघ, आणि पानाचा फोटो पाठव. खाडाखोड असू दे तशीच, नवीन पानावर उतरवून काढू नकोस. कुठे अडलीस ते मला खाडाखोडीतच दिसतं.

सिरिंज गरम पाण्यात धरताना चिमटा वापर. पाणी ६० अंशांचंच असू दे, उकळतं नको.

तुझी,
आई